तमीम पीत नाही

दुपारी एक वाजता तमीमच्या पलंगाला पाटी अडकवण्यात आली : तोंडाने काही देऊ नये.

आदेश डॉ. मुनीर शलबींचा होता. संध्याकाळी पाचला मुलाला भूल द्यायची, घशातून नळी घालून हृदयाची टूडी इको करायची, आणि झडप गळते आहे असं दिसलं तर तिथेच, त्याच टेबलावर, छाती पुन्हा उघडायची. मूल सात महिन्यांचं. छातीचं हाड आठवड्यापूर्वीच कापून तारेने शिवलेलं.

ते पहिलं ऑपरेशन डॉ. हाझेम सबरींनी केलं होतं. पाटी लागली त्या दिवशी ते अलेक्झांड्रियात नव्हते. कैरोच्या परिषदेत, सकाळच्या सत्रात, ते याच मुलाच्या झडपेची चित्रफीत दाखवणार होते. ते सत्र वर्षानुवर्षं शलबींचं होतं. यंदा आयोजकांनी शलबींना पहिल्या रांगेतली खुर्ची देऊ केली. शलबींनी उलट कळवलं की वॉर्डात कोणीतरी जाणतं माणूस राहायला हवं.

हाझेम त्यांचाच विद्यार्थी. गाठ मारायला त्यांनीच शिकवलेलं. दमनहूरजवळच्या खेड्यातून आलेला हा मुलगा पहिल्या वर्षी उसना कोट घालून राउंडला यायचा, तेव्हा शलबींनी त्याला आपला जुना कोट दिला होता. मग तो परदेशी गेला, सहा वर्षांनी परतला, आणि आल्यापासून वॉर्डात एक नवीन सवय लागली. अवघड मूल आलं की निवासी डॉक्टर आधी विचारायचे, "हाझेम सरांनी पाहिलंय का?"

तमीम हे तसंच अवघड मूल होतं. हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे, एक झडप असते. तिच्या दोऱ्या खाली स्नायूच्या दोन खांबांना बांधलेल्या असतात. तमीमच्या सगळ्या दोऱ्या एकाच खांबाला जाऊन मिळाल्या होत्या, छत्रीच्या काड्या दांड्याला मिळाव्यात तशा. झडप नीट उघडतच नव्हती, रक्त फुप्फुसात तुंबत होतं. हजारो रुग्णांत एखादं असं मूल दिसतं. शलबींचं मत होतं की इतक्या कोवळ्या झडपेला हात लावू नये. औषधावर ठेवावं, मूल मोठं होऊ द्यावं. हाझेम म्हणाला होता, "सर, हा मोठा होणार नाही." सगळ्यांच्या समोर म्हणाला होता, आवाज न चढवता.

ऑपरेशनच्या दिवशी शलबी मागे स्टुलावर उभे राहून बघत होते. हाझेमने तो एक खांब मधोमध चिरून त्याचे दोन केले आणि एकमेकींना चिकटलेल्या दोऱ्यांमध्ये बारीक खिडक्या पाडल्या. मग खालच्या कप्प्यात पाणी भरून पाहिलं. झडप फुगली, मिटली, पाणी आत राहिलं. भूल देणारे डॉ. नबील, एरवी सतत थट्टा करणारा माणूस, गाण्यात एखादी जागा जमून आल्यावर माणसं म्हणतात तसं म्हणाले, "अल्लाह!"

शलबींना तो शब्द ओळखीचा होता. नबीलनी तो त्यांच्यासाठी कितीदा तरी उच्चारला होता. पण गेल्या दोनतीन वर्षांत एकदाही नाही, हे त्यांच्या त्या स्टुलावर उभं असताना लक्षात आलं.

पाटी लागायच्या आधी, सकाळच्या राउंडला जे झालं ते असं.

खोलीत सहा पलंग आणि सहा आया. बाहेर खमासीनचा, वाळवंटाकडचा गरम वारा सुटलेला. समुद्राकडच्या खिडक्या बंद असूनही धूळ दातात येत होती. शलबी तमीमच्या पलंगाशी थांबले.

"काय उम्म तमीम, पितंय का पोरगं?"

तमीमच्या आईने आधी समोरच्या पलंगाकडे पाहिलं. तिथे उम्म जन्ना बसली होती. तिची मुलगी जन्ना महिनाभर ऑपरेशनची वाट बघत होती. तमीम नंतर येऊन आधी आत गेला होता. ती मान खाली घालून तसबीहची माळ ओढत होती आणि तिचे कान इकडे होते. बाकीच्या चारजणींचेही.

"कुठलं पितंय, डॉक्टरसाहेब," तमीमची आई म्हणाली. "तोंड लावतं आणि सोडून देतं."

"उलटी?"

"होते ना."

"पिताना घाम येतो?"

"येतो. चिंब होतं."

तिला आणखी काहीही विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. तमीम पीत होता. ऑपरेशननंतर चौथ्या दिवसापासून तो असा पीत होता की तिला स्वतःला पाणी प्यायला उसंत मिळत नव्हती. ती चादरीआड, भिंतीकडे तोंड करून, त्याला पाजायची. कोपऱ्यातल्या पलंगावर आधी एक बाई होती. तिने आपल्या पोराबद्दल सगळ्या वॉर्डात हात हलवून सांगितलं होतं, "अर्धी बाटली, एका दमात!" आणि दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं माशाल्लाहसुद्धा तोंडाने काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पलंग रिकामा झाला. तमीमच्या आईने घरी, बेहेरा प्रांतात, आईला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "कोणी विचारलं तर पीत नाही म्हण. आणि डोक्यावरची टोपी काढू नकोस, छान दिसतो तो."

निवासी डॉक्टर रीम हळूच म्हणाली, "सर, वजन मात्र वाढलंय. रोज थोडं थोडं."

"पाणी साचतंय," शलबी म्हणाले. "दुधाचं वजन आणि पाण्याचं वजन काट्याला सारखंच."

हे खरं होतं. झडप निकामी होत असली तर मुलाच्या अंगात पाणी साचतं आणि वजन वाढतं. रीमने मान डोलावली.

मग इको करणाऱ्या डॉ. ईमान वहबांना बोलावलं. त्यांनी नळी न घालता, छातीवरूनच टूडी इको केली. तमीमने पहिल्यापासून शेवटपर्यंत गळा काढला.

"गळती आहे थोडी," ईमान म्हणाल्या. "मध्यम नाही म्हणवत. पोरगं किंचाळत होतं, मुनीर. रडताना सगळंच जास्त दिसतं."

"म्हणजे मध्यम असू शकते."

"असू शकते. नसूही शकते."

"पीत नाही, ओकतं, घामाने भिजतं. आई सांगतेय."

ईमानांनी यंत्राचं तोंड पुसलं. "मग झोपवून बघ. पण मुनीर, हाझेमला एक फोन कर."

"तो बोलत असेल मंचावर," शलबी म्हणाले. "त्याला कशाला आता त्रास."

चहाच्या खोलीत नबील फोनमध्ये बघत बसले होते. कोणीतरी कैरोहून हाझेमचा फोटो पाठवला होता : हाझेम मंचावर, मागे पडद्यावर तमीमची झडप, भिंतभर मोठी.

"बाशा, बघा तुमचं पोरगं," नबील म्हणाले. "टाय पण बांधलाय. लग्नात नव्हता बांधला."

"पाचला भूल लागेल," शलबी म्हणाले. "तमीमला."

नबीलनी फोन पालथा ठेवला. "कोणता तमीम? हाच?" त्यांनी बोटाने फोनकडे दाखवलं.

"हाच."

"आज?"

"उद्यापर्यंत थांबून काय मिळणार? एकदा का हृदय थकलं की मग टेबलावर न्यायचीही सोय राहत नाही. तुला ठाऊक आहे."

हेही खरं होतं. शलबी त्या दिवशी जे जे बोलले ते सगळं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. त्यांचं नाव इतकी वर्षं टिकलं होतं ते याचमुळे. पण चहा गाळताना त्यांच्या मनात पाचच्या तयारीबरोबर आणखी एक दृश्य चालू होतं. त्यात हाझेम कैरोहून परततो, आणि ते त्याला खांद्यावर हात ठेवून सांगतात, "होतं असं. सुरुवातीला माझंही झालंय." हे वाक्य त्यांनी मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. ते छान जमलं होतं.

पाटी लागली. तीन वाजेपर्यंत तमीमचा आवाज बसला होता.

आधी तो नुसता कुरकुरला, मग रडला, मग आईच्या अंगावर तोंड घासायला लागला. ती त्याला खांद्यावर घेऊन पलंगाभोवती फिरत होती. तिच्या झग्यावर पुढे दुधाचे दोन ओले डाग पडले होते आणि ओढणीने ते झाकत नव्हते. ऑपरेशन पुन्हा होणार हे तिला पाटी लावताना नर्स करीमाने सांगितलं होतं. तेव्हापासून ती कोणाशी बोलली नव्हती.

ओरड कोणी केली असेल तर ती उम्म जन्नाने. तिला रीमने नुकतंच येऊन सांगितलं होतं की तमीमचं आज उघडावं लागलं तर उद्याची जन्नाची पाळी पुढे जाईल; अतिदक्षता विभागात एकच खाट मोकळी आहे.

"पुन्हा?" ती उभी राहिली. "पुन्हा हाच? पहिल्यांदा पुढे घुसला, आता परत घुसणार?"

"अहो, हळू. मुलं झोपलीत," रीम म्हणाली.

"झोपू देत. त्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा. मला सांगायचंय त्यांना."

शलबी दारातच होते.

"डॉक्टरसाहेब, ही बाई खोटं बोलतेय," उम्म जन्ना म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही. वासरासारखा पितो तो. रात्रभर मी ऐकते ना, गटागटा, गटागटा. माझी पोर चमचाभर दूध गिळताना निळी पडते आणि मी इथे पडून याचे घोट ऐकते."

तमीमची आई भिंतीला टेकली.

"खरं आहे का हे?" शलबींनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही पीत. बघा कसा सुकलाय."

"सुकलाय म्हणे! गाल बघा त्याचे!"

"तुझी जीभ झडो! माझ्या लेकराच्या गालांवर डोळा?"

"मला काय करायचेत तुझ्या लेकराचे गाल? मला माझीचे ओठ लाल झालेले बघायचेत, बस."

शलबींनी उम्म जन्नाला खाली बसायला सांगितलं. ती काय म्हणणार हे उघड होतं; तिची पाळी जात होती. जिचा फायदा आहे तिची साक्ष घ्यायची नसते. त्यांनी तसं रीमला सांगितलंही. तेवढ्यात तमीमची आई पोराला घेऊन त्यांच्या मागोमाग बाहेर, वॉर्डाबाहेरच्या नळापाशी आली. तिथे कोणी नव्हतं.

"पितो," ती म्हणाली.

"काय?"

"पितो तो, साहेब. खूप पितो. ओकत नाही. काही नाही. नका उघडू त्याला."

ऑपरेशन टाळायला आया काय काय सांगतात हे त्यांना पाठ होतं. "सकाळी मला काय सांगितलंस?"

"सकाळी ती होती ना समोर. तिची मुलगी तशी पडलेली. तिच्यासमोर मी कसं म्हणू, माझा पितो? दृष्ट लागली असती."

"आणि आत्ता आत परत नाही म्हणालीस."

"आत्ताही तीच होती ना समोर!" आता ती चिडली होती. "हाझेमसाहेब इथे आणून विचारतात. या नळापाशी. रोज. एकेकीला. तुम्ही सगळ्यांच्या पुढ्यात विचारलंत."

शलबींना हे माहीत नव्हतं. हाझेम राउंडनंतर आयांना एकेक करून बाहेर घेऊन जातो एवढं त्यांनी पाहिलं होतं, आणि बायकांमध्ये आपलं नाव करून घ्यायची ही त्याची तऱ्हा, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

दृष्टीचं मात्र त्यांना कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. ते वैद्यकीय परीक्षेत पहिले आले तेव्हा त्यांच्या आईने जिन्यात उभं राहून शेजारणींना सांगितलं होतं, "झाला कसाबसा पास." लग्न ठरलं तेव्हा सांगितलं, मुलगी सावळी आहे आणि पायाने थोडी लंगडते. बायको लग्नात सरळ चालत आली तेव्हा गल्लीतल्या बायका तिच्या पायांकडे बघत राहिल्या होत्या. असल्या आईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाने सकाळी सहाजणींच्या देखत एका आईला विचारलं होतं, पोरगं पितंय का, आणि तिने सांगितलेलं जसंच्या तसं घेतलं होतं. इतक्या वर्षांत असं त्यांच्याकडून झालं नव्हतं.

"पाज त्याला," ते म्हणाले. "इथेच. माझ्यासमोर."

"पाटी आहे ना."

"पाटी माझीच आहे."

पाजलं की पाचचा बेत मोडणार होता. भरल्या पोटी भूल देता येत नाही. शलबींना ते माहीत होतं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ती स्टुलावर बसली आणि तिने ओढणी पुढे घेतली. बाहेर धुळीने समुद्र दिसत नव्हता. ट्राम दिवे लावून जात होती. मागे आधी हुंदका आला, मग घोट. मग घोटामागून घोट, मधे एक लांब श्वास, पुन्हा घोट. झडप बिघडलेलं मूल असं पीत नाही. ते मधेच सोडतं, धापा टाकतं. शलबी ऐकत होते. हाझेमने चिरलेला खांब, हाझेमने सोडवलेल्या दोऱ्या. आवाजात कुठेही खोट सापडत नव्हती, आणि ते ती शोधत होते.

"झालं," ती म्हणाली. "बघा."

शलबी वळले. तमीम डोळे अर्धवट मिटून पडला होता. हनुवटीवर दुधाचा ओघळ. आणि कपाळावर, टोपीच्या कडेखाली, घाम. केस ओले होऊन चिकटले होते.

"वारा कसला सुटलाय, साहेब," ती लगेच म्हणाली. "इथे पंखापण नाही. मीही भिजलेय, बघा ना. आणि किती रडलाय तो." ती खरोखर भिजली होती. शलबींचाही शर्ट पाठीला चिकटला होता.

पिताना कपाळाला येणारा घाम ही हृदय थकल्याची पहिली खूण असते. हे त्यांनी चाळीसेक निवासी डॉक्टरांना शिकवलं होतं, हाझेमलाही. त्यांनी बोटांच्या मागच्या बाजूने ते कपाळ टिपलं. हात ओला झाला, आणि त्याच क्षणी त्यांना बरं वाटलं.

किती बरं वाटलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात कोटाला पुसला, खिशातून फोन काढला आणि कैरोला लावला.

फोन लगेच उचलला गेला. मागे खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"सर! माझं सत्र दाखवत होते ना तिकडे? पाहिलंत?"

"नाही. हाझेम, तमीम."

हसणं मागे पडलं. तो कुठेतरी बाहेर आला असावा. "काय झालं?"

"पोट भरून प्यायलाय. कपाळाला घाम आहे. इथे गरम आहे. सकाळी ईमानला मध्यम म्हणवलं नाही, मला सौम्य म्हणवलं नाही. मी पाचला उघडायला निघालो होतो."

"तुम्ही तिथे आहात, सर. तुम्ही बघताय. तुम्ही म्हणाल ते करू."

"माझ्या डोळ्यांवर आज जाऊ नकोस," शलबी म्हणाले. "तू ये."

"सर?"

"गाडी काढ आणि ये. जेवायला थांबू नकोस."

आत जाऊन त्यांनी स्वतः पाटी काढली. उम्म जन्नाने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. नबीलना त्यांनी पाचचं रद्द, लागलंच तर उद्या सकाळी, असं सांगितलं. नबील म्हणाले, "बरं झालं." मग थांबून, "बरं झालं ना?"

सहाच्या सुमारास तमीम गाढ झोपला, तेव्हा ईमानांनी वरूनच पुन्हा इको केली. शलबी खोलीत गेले नाहीत. ते दाराबाहेर बाकावर बसले. ईमान बाहेर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "झोपेत?"

"झोपेत सकाळपेक्षा कमी आहे. पण नाही असं नाही. आणि एका कडेला मला जे दिसतंय ते टाका सैल आहे की नुसती सावली आहे, सांगता येत नाही. तू बघतोस का एकदा?"

"नको. हाझेमला बघू दे."

"मी तोवर काही लिहीत नाही," ईमान म्हणाल्या.

उम्म जन्नाने जन्नाला ड्रॉपरने दूध पाजायला घेतलं होतं. निम्मं ओठांवरून ओघळलं. समोरच्या पलंगावर तमीमची आई चादरीआडून बाहेर आली. मग उम्म जन्नानेच विचारलं, आवाजात दुपारची धार नव्हती, "प्यायला का गं?"

"नाही," तमीमची आई म्हणाली.

सात वाजता हाझेमचा रीमला निरोप आला : वाटेत, वादी नत्रूनच्या पुढे, धुळीने रस्ता अडलाय, गाड्या दिवे लावून उभ्या आहेत. ऑपरेशन विभागाच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या ओळीत तेव्हा एका खाटेसाठी दोन नावं होती, जन्ना आणि तमीम. त्यातलं कोणतंही पुसलेलं नव्हतं.